मान मोडलेला माणूस पुन्हा चालतो, तेव्हा आत काय घडलेलं असतं?

९ सप्टेंबर २००७. अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातल्या ऑर्चर्ड पार्कमध्ये बफेलो बिल्स आणि डेन्व्हर ब्रॉन्कोस या दोन संघांचा सामना चालू होता. अमेरिकन फुटबॉल, म्हणजे हेल्मेट घालून एकमेकांच्या अंगावर धावून जाण्याचा खेळ. उत्तरार्ध नुकताच सुरू झाला होता. बिल्सचा २५ वर्षांचा केव्हिन एव्हरेट समोरून चेंडू घेऊन येणाऱ्या खेळाडूला अडवायला गेला, डोकं खाली असतानाच धडक बसली आणि तो ओंडक्यासारखा जमिनीवर कोसळला. हात नाही, पाय नाही, काहीच हलेना. मानेचे तिसरा आणि चौथा हे मणके मोडून जागेवरून सरकले होते. काही तासांतच शस्त्रक्रिया झाली. दुसऱ्या दिवशी त्याच्या शल्यविशारदांनीच पत्रकारांना सांगितलं की पूर्ण बरं होण्याची आशा फार कमी आहे. तिसऱ्या दिवशी त्याचे हातपाय थोडे थोडे हलू लागले. आणि २३ डिसेंबरला, म्हणजे साडेतीन महिन्यांनी, त्याच स्टेडियममध्ये तो आपल्या पायांनी चालत सहकाऱ्यांना भेटायला आला.

अशी बातमी आली की तिच्यावर ‘चमत्कार’ असा शिक्का बसतो. मला हा शब्द इथे खटकतो, कारण त्याने दोन माणसं दुखावतात. जो बरा होत नाही त्याला वाटतं, आपलीच जिद्द कमी पडली. आणि ज्याला बरं होण्याची खरोखर संधी आहे त्याच्या घरचे नशिबावर हवाला ठेवून बसतात. प्रत्यक्षात आत जे घडतं ते बऱ्याच अंशी समजावून सांगता येतं.

सुरुवात एका गैरसमजापासून करू. ‘मणका मोडला’ आणि ‘मज्जारज्जूला मार लागला’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मणके म्हणजे हाडं. त्यांच्या मधल्या पोकळीतून मेंदूपासून खाली उतरतो तो मज्जारज्जू. जाडी साधारण करंगळीएवढी, लांबी सुमारे ४५ सेंटिमीटर, आणि तो कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशी संपतो. त्याच्या खाली घोड्याच्या शेपटीसारखा नसांचा झुबका लोंबत असतो. मणका मोडूनही मज्जारज्जू शाबूत राहू शकतो. उलट, एक्स-रेत एकही हाड मोडलेलं दिसत नाही आणि माणसाचे हातपाय मात्र गेलेले असतात, असंही होतं.

दुसरा गैरसमज त्याहून मोठा आहे. लोक म्हणतात, ‘त्याची मज्जारज्जू तुटली.’ चाकूने कापावा तसा तो दोन तुकडे होऊन तुटणं विरळाच. बहुतेक वेळा तो चिरडला जातो, दाबला जातो, आत रक्तस्राव होतो, सूज येते. मधला भाग मरतो, पण कडेला काही धागे तग धरून राहतात. किती राहतात आणि कोणते राहतात, यावर पुढचं बरंच काही ठरतं.

शेतीच्या भाषेत सांगायचं तर मेंदू म्हणजे धरण, मज्जारज्जू म्हणजे कालवा आणि त्यातून फुटणाऱ्या नसा म्हणजे चाऱ्या. कालवा मध्येच ढासळला की खालच्या शेतांना पाणी बंद. पण ढासळलेल्या मातीच्या कडेने एखादी धार झिरपत असेल, तर ती वाढवता येते, वळवता येते. आणि आणखी एक गोष्ट आहे जी फार थोड्यांना माहीत असते. खालच्या शेतांच्या विहिरी आटलेल्या नसतात. दुखापतीच्या खालचा मज्जारज्जू जिवंतच असतो. पाय टाकण्याची लय, तोल धरताना स्नायू आवळणं, यांची पुष्कळशी जुळणी तिथल्या तिथे झालेली असते. त्याला वरून हुकूम येत नाही, एवढंच. या विहिरींकडे आपण नंतर वळणार आहोत.

पहिल्या दिवशीचं चित्र इतकं फसवं का असतं? मार बसल्याबरोबर दुखापतीच्या खालचा सगळा भाग गप्प होतो. गुडघ्यावर हातोडी मारली तरी पाय उडत नाही. वैद्यकीय भाषेत याला स्पायनल शॉक म्हणतात. काही प्रतिक्षिप्त क्रिया एक-दोन दिवसांत परततात, काहींना आठवडे लागतात. या काळात जे धागे मेलेत ते आणि जे नुसते बधिर झालेत ते, दोन्ही बाहेरून सारखेच दिसतात. त्यामुळे अपघाताच्या रात्री कॅज्युअल्टीत कुणी ‘आता हा कधीच उठणार नाही’ म्हणालं, तर ते शेवटचं वाक्य धरू नये. ‘नक्की चालेल’ म्हणालं तर तेही धरू नये. तीन दिवसांनी, म्हणजे ७२ तासांच्या आसपास केलेली तपासणी बरीच भरवशाची मानली जाते.

ही तपासणी मोठ्या यंत्राची नसते. एक कापसाचा बोळा आणि एक टाचणी लागते. डॉक्टर शरीराच्या प्रत्येक बाजूला २८ ठरलेल्या जागी आधी कापूस फिरवतात, मग टाचणी टेकवतात. ‘टोचतंय की नुसतं काहीतरी लागतंय?’ रुग्णाने डोळे मिटून उत्तर द्यायचं. मग हातापायांचे ठरावीक स्नायू, प्रत्येकाला शून्य ते पाच गुण. आणि सगळ्यात शेवटी, हातमोजा घातलेलं बोट गुदद्वारात घालून विचारतात, ‘इथे जाणवतंय का? आवळून धरता येतंय का?’

नातेवाइकांना हे सांगायला बरेच जण संकोचतात, म्हणून मी मुद्दाम लिहितोय. संपूर्ण तपासणीतला सर्वात मोलाचा प्रश्न हाच आहे. गुदद्वाराकडे जाणारे धागे मज्जारज्जूच्या अगदी तळातून निघतात. तिथली जाणीव मेंदूपर्यंत पोचत असेल तर त्याचा अर्थ, मध्ये कितीही पडझड झाली असली तरी वरपासून खालपर्यंत एक तरी धागा जोडलेला आहे. दुखापत ‘अपूर्ण’ आहे. हा शब्द ऐकायला वाईट वाटतो, पण इथे अपूर्ण म्हणजे चांगली बातमी.

यावरून ए ते ई अशा पाच श्रेणी ठरतात. ए म्हणजे तळाशी ना जाणीव ना हालचाल. बी म्हणजे जाणीव आहे, हालचाल नाही. सी आणि डी म्हणजे थोडी किंवा बरी हालचाल. ई म्हणजे सगळं पूर्ववत. सुरुवातीला ए असलेल्यांपैकी साधारण पाच-सहा जणांत एकजण वर्षभरात वरच्या श्रेणीत सरकतो, आणि त्यातही बरेच जण फक्त बीपर्यंत पोचतात. याउलट सुरुवातीलाच सी किंवा डी असलेल्यांपैकी बहुसंख्य लोक, काठीने का होईना, पुन्हा चालतात. बीमध्ये एक बारकावा आहे. नुसता कापसाचा स्पर्श कळत असेल त्यापेक्षा टाचणीचं टोचणं कळत असेल तर आशा जास्त. कारण वेदना वर नेणारे धागे आणि हालचालीचे हुकूम खाली आणणारे धागे मज्जारज्जूत शेजारी शेजारी राहतात. एकाचं घर वाचलं असेल तर शेजाऱ्याचंही वाचलेलं असण्याचा संभव अधिक.

माझ्या मामांचं उदाहरण सांगतो. श्रावणातली सकाळ, अंगणात शेवाळ, हातात फुलांची परडी. पाय घसरला आणि ते हनुवटीवर आपटले. रक्त नाही, मोठी जखम नाही, पण उठता येईना. एक्स-रेत मोडलेलं काही नव्हतं. वय सत्तरीच्या घरात, मानेचे मणके आधीच घासलेले, मज्जारज्जूची पोकळी अरुंद झालेली. मान झटक्यात मागे गेली आणि मज्जारज्जू चिमटला गेला. मामी म्हणत होत्या, ‘साधं पडले हो, घरातल्या घरात.’

तीन आठवड्यांत ते आधाराने उभे राहिले, दोन-अडीच महिन्यांत वॉकर सुटला. शेजारीपाजारी म्हणाले, मामा बरे झाले. पण त्यांना सदऱ्याचं बटण लावता येत नव्हतं. भाकरीचा तुकडा मोडता येत नव्हता. लोकांना हे विचित्र वाटायचं: चालतो तर आहे, मग हात का नाही? म्हातारपणी मानेला अशा प्रकारचा मार लागला की मज्जारज्जूचा मधला भाग जास्त भरडला जातो, आणि त्याचा तडाखा पायांपेक्षा हातांना जास्त बसतो. आधी पाय परततात, मग दंड, आणि बोटं सर्वांत शेवटी. बोटांची बारीक कामं मेंदूच्या थेट हुकुमावर चालतात. चालणं पुष्कळसं खालचा मज्जारज्जू स्वतः सांभाळून घेतो. मामा रोज दुपारी ताटलीत तांदूळ आणि वाल मिसळून निवडत बसायचे. वर्षभराने वरचं एक सोडून बाकीची बटणं लागायला लागली.

या वर्षभरात आत काय चाललेलं असतं? सुरुवातीच्या आठवड्यांत सूज उतरते आणि दबलेले धागे पुन्हा संदेश वाहू लागतात. एव्हरेटच्या पहिल्या काही दिवसांच्या झपाट्याचं कारण मोठ्या प्रमाणात हेच असणार. त्यानंतरचं काम संथ असतं. वाचलेले धागे आजूबाजूला छोट्या फांद्या फोडतात. सरळ रस्ता बंद, म्हणून आडवाटेने, मधल्या पेशींच्या मदतीने संदेश खाली पोचू लागतो. मज्जारज्जूतून बाहेर पडलेल्या नसा मात्र खरोखर पुन्हा वाढू शकतात, दिवसाला साधारण एक मिलिमीटर या गतीने. कमरेच्या खालच्या मणक्यात मार लागलेल्यांना, म्हणजे त्या घोड्याच्या शेपटीच्या भागात, सुधारणेची संधी अधिक असते ती याचमुळे. सर्वाधिक प्रगती पहिल्या सहा महिन्यांत होते, मग वेग मंदावतो. पण जी फांदी वापरात येते तीच टिकते, जी वापरात येत नाही ती सुकते. म्हणून फिजिओथेरपी ही उपचारानंतर करायची गोष्ट नव्हे. तोच उपचार आहे.

एव्हरेटकडे परत येऊ. त्याला मैदानावरून नेताना रुग्णवाहिकेतच थंडगार सलाइन शिरेतून दिलं गेलं होतं, शरीराचं तापमान उतरावं म्हणून. ‘बर्फाने मणका वाचवला’ असं पुष्कळ छापून आलं. पण त्याच वेळी आणखीही गोष्टी झाल्या होत्या. मान हलू न देता त्याला उचललं, रुग्णालय जवळ होतं, आणि दाबलेला मज्जारज्जू काही तासांतच मोकळा केला गेला. एका माणसावरून यातलं काय लागू पडलं हे सांगता येत नाही, आणि थंडाव्याचा उपाय आजही नेहमीच्या उपचारात आलेला नाही. लवकर दाब काढण्याबद्दल मात्र भक्कम पुरावा आहे. मानेच्या मज्जारज्जूला मार लागलेल्या ३१३ रुग्णांचा एक अभ्यास २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्यांची शस्त्रक्रिया २४ तासांच्या आत झाली त्यांच्यातले १९.८ टक्के लोक सहा महिन्यांत दोन किंवा अधिक श्रेणींनी सुधारले. उशिरा झालेल्यांत हेच प्रमाण ८.८ टक्के होतं.

आपल्याकडे हे २४ तास कुठे जातात? आंब्याच्या नाहीतर माडाच्या झाडावरून पडलेला, विहिरीत घसरलेला, पत्र्यावरून खाली आलेला, मोटारसायकलवरून फेकला गेलेला माणूस. चार जण धावत येतात, एक काखेत हात घालतो, एक पाय धरतो, आणि त्याचं मुटकुळं करून रिक्षात कोंबतात. माया खरी असते, पण मोडलेला मणका त्याच क्षणी मज्जारज्जूत आणखी घुसू शकतो. पडलेला माणूस ‘पाय जाणवत नाहीत’ किंवा ‘मान दुखतेय’ म्हणाला, तर त्याला बसवू नका, पाणी पाजायला मान उचलू नका. १०८ ला फोन करा. अगदीच हलवायची वेळ आली तर डोकं, मान आणि धड एका रेषेत ठेवून, ओंडका वळवावा तसं सगळ्यांनी एकदम वळवून फळीवर घ्या. दाराची फळी चालते. नंतर रुग्णालयात पहिले काही दिवस रक्तदाब पडू न देणं हेही तेवढंच महत्त्वाचं, कारण सुजलेल्या मज्जारज्जूला रक्त कमी पडलं की तग धरून राहिलेले धागेही जातात.

आता एक वेगळा माणूस. अभिनेता ख्रिस्तोफर रीव्ह, २७ मे १९९५ रोजी व्हर्जिनियात घोडेस्वारीच्या स्पर्धेत डोक्यावर पडला. मानेचे अगदी वरचे दोन मणके. श्रेणी ए. श्वासही यंत्रावर. पाच वर्षं उलटली. ज्या मुदतीत जे व्हायचं ते होतं असं सगळे मानत, ती मुदत केव्हाच संपली होती. सन २००० मध्ये त्याच्या डाव्या हाताची तर्जनी त्याच्या इच्छेने हलली. त्यानंतर व्यायाम वाढवला: स्नायूंना वीज देऊन चालवायची सायकल, पाण्यातले व्यायाम. २००२ मध्ये डॉक्टरांनी त्याच्याबद्दल शोधनिबंध लिहिला. हालचालीचे गुण १०० पैकी शून्यावरून २० वर आले होते, आणि स्पर्शाची जाणीव शरीराच्या मोठ्या भागात परतली होती.

तो चालला नाही. २००४ मध्ये तो गेला. तरीही मला ही हकीकत एव्हरेटच्या हकीकतीपेक्षा जास्त महत्त्वाची वाटते. पाच वर्षांनंतर, इतक्या वरच्या दुखापतीत, श्रेणी ए लिहिलेल्या माणसात तळापर्यंत काही धागे जिवंत होते आणि कुणालाच त्याचा पत्ता नव्हता.

इथे त्या विहिरी येतात. रॉब समर्स हा अमेरिकेतला तरुण बेसबॉलपटू. २००६ मध्ये एका गाडीने त्याला उडवलं, छातीखालचं सगळं गेलं. स्पर्श थोडा कळायचा, हालचाल शून्य. लुइव्हिलमध्ये सुझन हार्केमा यांच्या गटाने आधी त्याच्याकडून दोन वर्षांहून अधिक काळ १७० सत्रं पट्ट्यांवर टांगून चालण्याचा सराव करून घेतला. काही फरक पडला नाही. डिसेंबर २००९ मध्ये त्याच्या कमरेच्या भागात, मज्जारज्जूच्या आवरणावर १६ इलेक्ट्रोडची एक पट्टी बसवली. सौम्य वीजप्रवाह सुरू केला की त्याला आपल्या वजनावर उभं राहता यायला लागलं. इथवर संशोधकांची अपेक्षा होतीच. अनपेक्षित घडलं ते सात महिन्यांनी. वीज चालू असताना त्याने स्वतः मनात आणून पायाचं बोट हलवलं, मग घोटा, मग गुडघा.

वीज पायाला उचलत नव्हती, हे नीट लक्षात घ्या. ती खालच्या मज्जारज्जूला फक्त जागं ठेवत होती. वरून एखादी क्षीण धार झिरपत होती, पण झोपलेल्या विहिरीला तिची हाक ऐकू येत नव्हती. जाग आली आणि तीच क्षीण हाक पुरेशी झाली. पुढे २०१४ मध्ये याच गटाने चार जणांचे निष्कर्ष मांडले. त्यातले दोघे तर श्रेणी एचे होते. चौघांनाही वीज चालू असताना स्वेच्छेने पाय हलवता आले.

स्वित्झर्लंडमध्ये लोझान इथे ग्रेग्वार कुर्तीन आणि जोसलिन ब्लॉक यांनी आणखी पुढे जाऊन हाकच मोठी करायचं ठरवलं. नेदरलँड्सचे गेर्ट-यान ओस्कम २०११ मध्ये चीनमध्ये सायकल अपघातात जखमी झाले होते. त्यांच्या मेंदूवरच्या इलेक्ट्रोडांनी ‘पाऊल उचल’ हा विचार टिपायचा, तो बिनतारी मार्गाने संगणकाकडे जायचा आणि तिथून कमरेच्या पट्टीला इशारा मिळायचा. ढासळलेल्या कालव्यावरून टाकलेला जणू पूलच. हे २०२३ मध्ये प्रसिद्ध झालं. त्यातला सर्वात बोलका भाग असा की सरावानंतर यंत्र बंद असतानाही ते कुबड्यांवर काही पावलं चालू शकत होते. म्हणजे पुलाच्या आधाराने सराव करता करता, खालचे जुने धागेही बळकट झाले होते.

नाकातल्या पेशींची गोष्टही अनेकांनी वाचली असेल. पोलंडमधला दारेक फिदिका, २०१० मध्ये चाकूहल्ल्यात त्याचा मज्जारज्जू जवळजवळ कापला गेला होता. व्रोत्सवाफमधल्या डॉक्टरांनी त्याच्याच गंधपेशी आणि घोट्याजवळच्या नसेचे तुकडे वापरून ती फट सांधली, आणि तो वॉकरने चालू लागला. विलक्षण आहे. पण तो एक माणूस आहे, आणि त्यानेही दिवसाचे तासन् तास, आठवड्याचे पाच दिवस व्यायाम केला होता.

स्टेम सेलबद्दल मला स्पष्ट लिहायचं आहे. ‘स्टेम सेलने शंभर टक्के गुण’ अशा जाहिराती वाचून लोकांनी जमिनी विकल्या आहेत. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार मज्जारज्जूच्या दुखापतीसाठी स्टेम सेल हा मान्य उपचार नाही. तो फक्त नोंदणीकृत चाचणीतच देता येतो, आणि अशा चाचणीत रुग्णाकडून त्याचे पैसे घेत नाहीत. कुणी लाखांचं पॅकेज सांगितलं की तिथून उठा. तो पैसा चांगला फिजिओ, हवेची गादी, घराच्या दारात उतार आणि धरायला दांडे असलेलं न्हाणीघर यांवर लावा. दर दोन तासांनी कूस बदलणं आणि लघवीची नळी स्वच्छ ठेवणं यांत काही रोमांचक नाही, पण बेडसोअर आणि लघवीचा जंतुसंसर्ग यांनी जितकी सुधारणा खाल्ली आहे तितकी कशाने खाल्ली नसेल. ताप अंगात असलेला माणूस व्यायाम करत नाही, आणि न वापरलेली फांदी सुकते.

‘बरं होणं’ म्हणजे चालणंच, असं आपण धरून चालतो. सांगली जिल्ह्यातल्या पेठ इस्लामपूरचे मुरलीकांत पेटकर १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून कमरेखाली अधू झाले, आणि १९७२ मध्ये हायडलबर्गच्या पॅरालिंपिकमध्ये ५० मीटर पोहण्याचं सुवर्णपदक घेऊन आले. त्याच वर्षी, १९६५ च्या मे महिन्यात एव्हरेस्टवर पोचलेले मेजर एच. पी. एस. अहलुवालिया काही महिन्यांत युद्धात मानेला गोळी लागून व्हीलचेअरवर आले. दिल्लीचं इंडियन स्पायनल इंज्युरीज सेंटर त्यांनी उभं केलं.

अमेरिकेत २००४ मध्ये मज्जारज्जूला दुखापत झालेल्या ६८१ जणांना विचारलं गेलं, काय परत मिळालं तर आयुष्य सर्वात जास्त सुधारेल? ज्यांचे हातपाय दोन्ही गेले होते त्यांच्यातल्या जवळजवळ निम्म्यांनी पहिलं उत्तर दिलं: हात आणि बोटं. चालणं नाही. संशोधन आता त्या उत्तराकडे वळलं आहे. मानेच्या त्वचेवर बाहेरूनच चिकटवायच्या इलेक्ट्रोडची एक पद्धत निघाली आहे, शस्त्रक्रिया न करता. साठ जणांनी तिच्यासह हातांचा सराव पूर्ण केला, आणि २०२४ मध्ये आलेल्या निष्कर्षांत त्यांच्यातल्या ७२ टक्क्यांच्या हाताच्या ताकदीत आणि कामात दोन्हींत फरक दिसला. यातल्या अनेकांच्या अपघाताला वर्षं उलटून गेली होती. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने डिसेंबर २०२४ मध्ये त्या उपकरणाला परवानगी दिली.

मामांना मी हे वाचून दाखवलं. त्यांनी विचारलं, ‘वरचं बटण लागेल का रे त्याने?’ आणि माझ्या उत्तराची वाट न बघता ताटलीत वाल ओतले.